न वाजणारा चेंडू

आमच्या टेनिस क्लबाचं महिन्याचं पत्रक मी लिहिते. त्याचं नाव 'बातम्या आणि सुधारणा', आणि ते नाव मी ठेवलेलं नाही. बातम्या दोन ओळींत आटपतात. कोण जिंकलं, कोणाचा घोटा मुरगळला, कोण कोणाशी बोलेनासं झालं. यातलं तिसरं छापता येत नाही. सुधारणांना मात्र अंत नाही, आणि त्याला कारण आमचे अध्यक्ष.

या गृहस्थांनी जन्मभर पुलांचे आराखडे तपासले. निवृत्त झाले तसे पूल सुटले आणि आम्ही सापडलो. आल्या आल्या त्यांनी पिण्याच्या पाण्याचा नळ हलवला. आता तो पलीकडच्या कुंपणाला आहे, आणि तहान लागलेला माणूस तीन नंबरच्या कोर्टावरून, चालू खेळातून, मान खाली घालून आडवा जातो. मग त्यांनी खुंट्या काढल्या. दारातल्या फळीवर आपली रॅकेट टांगायची, ज्याची आधी टांगली त्याचा नंबर आधी, असं चाळीस वर्षं बिनबोभाट चाललं होतं. आता फोनवर नंबर लावायचा असतो, आणि रोज कोणीतरी दोघं एकाच कोर्टावर उभे राहून एकमेकांना फोन दाखवत असतात. ती भांडणं मी सोडवते, कारण मी सचिव आहे. सचिव कशी झाले म्हणाल, तर वार्षिक सभेत मला माझ्या औषधाच्या दुकानातून फोन आला म्हणून पाच मिनिटं बाहेर गेले, परत आले तर टाळ्या चालल्या होत्या.

हे सगळं मी सोसलंही असतं. पण या वर्षीची सगळ्यांत गाजलेली सुधारणा अध्यक्षांची नव्हती, माझी होती. तिच्यापायी माझ्या आत्याचा खेळ बंद पडायची वेळ आली, आणि त्याची बातमीही मीच लिहावी असं ठरलं. तेव्हा काय काय झालं ते पत्रकाबाहेर, इथे सांगते.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वय त्र्याहत्तर. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिनं लग्न केलं नाही आणि माझं टिकलं नाही, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. एके काळी ती टेनिस असं खेळायची की समोरचे पुरुष हरल्यावर रॅकेटच्या तारा तपासत बसायचे. मग गुडघे गेले. त्याच सुमाराला अध्यक्षांनी चार नंबरच्या कोर्टावर पिवळे पट्टे मारून त्याची दोन पिकलबॉलची कोर्टं केली. लाकडी फळीसारखी बॅट, भोकं पाडलेला प्लास्टिकचा चेंडू आणि निम्मी धावपळ. टेनिसवाल्यांनी नाकं मुरडली. आत्यानं दुसऱ्याच दिवशी बॅट आणली.

या खेळात नेटजवळच्या पट्ट्याला किचन म्हणतात, आणि तिथे उभं राहून चेंडू वरच्या वर मारायला मनाई असते. 'स्वयंपाकघरात पाऊल टाकू नको म्हणणारा खेळ मला सत्तरीत भेटला, आधी कुठे उलथला होता,' असं ती येईल त्याला ऐकवते. जोडीदार म्हणून तिला दातांचे डॉक्टर मिळाले. माणूस भला, पण खेळताना तोंड मिटत नाही. 'आला, डावीकडे, आखूड आहे, सोड, माझा, माझा.' दवाखान्यात समोरचा आ वासून पडलेला असतो, उलट बोलत नाही, तिथली ही सवय असणार, असं मी समजत होते. दोघांनी मिळून दोन वर्षं सहाच्या खेळात भल्याभल्यांना घरी पाठवलं. आत्याचा अख्खा दिवस त्या सहाच्या दिशेनं सरकतो. दुपारी तीनला ती बूट काढून ठेवते, पाचला घालते आणि साडेपाचपर्यंत मला छळते.

चार नंबरच्या कुंपणामागे हातभर बोळ आहे आणि बोळाला लागून एका घड्याळजींची खिडकी. दुकान तेच, घरही तेच. एका सभेला ते स्वतः आले. इस्त्रीचा शर्ट, बारीक आवाज. म्हणाले, "टेनिसचा मला त्रास नाही, तो आवाज मऊ आहे. हा नवा खेळ टोक-टोक करतो. मी घड्याळाचा ठोका ऐकत काम करतो, आणि तुमच्या टोकमध्ये माझा ठोका हरवतो. दुरुस्त करून दिलेली तीन घड्याळं चार महिन्यांत परत आली. माझ्या आयुष्यात असं झालेलं नाही."

त्यांनी नगरपालिकेत अर्जही दिला होता. महिन्याच्या आत आवाज कमी करा, नाहीतर ती दोन कोर्टं बंद करा, असं पत्र आम्हाला आलेलं होतं. अध्यक्षांनी लगेच कागद काढून दहा फुटी भिंतीचं चित्र काढायला घेतलं. कोणी म्हणालं बांबू लावू. बांबू वाढेपर्यंत घड्याळजी तरी राहतील का, असं दुसरं कोणी म्हणालं, आणि घड्याळजी समोरच बसले होते. अशा सभा मी बारा वर्षं लिहून घेते आहे.

शेवटी तोडगा मी काढला. स्पंजसारखा मऊ चेंडू मिळतो, तो वाजत नाही. मी आठवडाभर शोधून तो मागवला, दोघातिघांना खेळायला दिला आणि ठराव मांडला. शिवाय आवाज म्हणजे नुसता चेंडूचा नव्हे, आरडाओरडाही आलाच, म्हणून 'कोर्टावर बोलू नये' अशी पाटी मीच माझ्या अक्षरात रंगवली. ठराव एकमतानं मंजूर झाला. अध्यक्ष उभे राहून म्हणाले, "याला म्हणतात सुधारणा." खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. त्या क्लबात माझी कोणी तारीफ करायची ती पहिलीच वेळ होती.

घरी येऊन मी आत्याला चेंडू दाखवला. तिनं तो हातात दाबून पाहिला, कानाशी नेला, मग फरशीवर टाकला. एकदा, पुन्हा एकदा.

"वाजत नाही हा," ती म्हणाली.

"वाजू नये म्हणूनच आणलाय की."

"हं." तिनं चेंडू उचलून माझ्या हातात दिला. "तुझ्या नावानं ठराव झाला?"

"माझ्याच नावानं. एकमतानं."

"शाबास," ती म्हणाली आणि बॅट पुसायला बसली.

मऊ चेंडू सुरू झाला आणि आत्याचा खेळ ढासळला. पहिल्या दिवशी चार चेंडू हुकले, दुसऱ्या दिवशी नऊ. समोरून सरळ आलेला चेंडू तिच्या छातीवर येऊन लागला, तेव्हा बॅट कुठेतरी गुडघ्याशी होती. डॉक्टर ओठ आवळून शेजारी उभे, पाटीकडे बघत. काठावरून ओरडायचं नाही म्हणून मीही गप्प. आणि दर वेळी तिचं काहीतरी कारण तयार. ऊन डोळ्यांवर आलं. नेट सैल आहे. बॅटची मूठ घामट झालीये. ऊन तिच्या पाठीमागे होतं हे मी तिला सांगितलं, तर म्हणाली, "पाठीमागून येत होतं."

घरीही तेच. चहा कपाबाहेर ओतायचा आणि कपाचा कान वाकडा म्हणायचं. फोनवरचा निरोप वाचायचा नाही, चष्मा सापडत नाही म्हणायचं, आणि चष्मा डोक्यावर. मी चिडले. औषधाच्या दुकानात सकाळपासून डॉक्टरांची अक्षरं लावून लावून माझं डोकं उठलेलं असतं, आणि घरी आल्यावर हे. एका संध्याकाळी मी बोलून गेले, "आत्या, वय झालंय तुझं, एकदा मान्य कर आणि मोकळी हो." तिनं उत्तर दिलं नाही. माझ्या आठवणीत तिनं मला उत्तर न देण्याचा तो पहिलाच प्रसंग होता, आणि मी त्याचा अर्थ असा लावला की चला, एकदाचं पटलं.

तीन आठवड्यांनी अध्यक्षांनी मला कोपऱ्यात घेतलं. लोक कुरकुर करत होते. आत्या कोर्टावर असली की खेळ होत नाही, आणि तिला बोलायचं धाडस कोणात नाही.

"सन्मानानं करू," अध्यक्ष म्हणाले. "चार नंबरच्या बाजूला एक छान बाक बसवू. त्यावर त्यांचं नाव कोरू. रविवारी सगळ्यांसमोर अर्पण करू. आणि पत्रकात निवृत्तीची बातमी तुम्ही लिहा."

"त्यांना सांगणार कोण?"

"तुम्हीच. तुम्ही घरच्या."

घरचं असणं म्हणजे काय, तर सगळ्या नकोशा गोष्टी आपण सांगायच्या. मी जाऊन सांगितलं. ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"बाक?" ती म्हणाली. "माणूस मेला की त्याच्या नावानं बाक ठेवतात. मला जिवंतपणीच बसवताय होय."

मला वाटलं, आता सुरू होईल. एका रेषेवरून पंचांशी तासभर हुज्जत घालणारी बाई ही. मी मनातून तयारी करून उभी राहिले. तिनं टॉवेलाची घडी घातली, ती मोडली, परत घातली.

"लिही," ती म्हणाली.

"काय लिही?"

"बातमी. लिहायची ना तुला? मग लिही."

मला तिचा इतका राग आला की सांगता सोय नाही. बाकाचा नाही, अध्यक्षांचा नाही, तिचाच आला. भांडायचं तर होतंस, असं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुकान मिटून मी घड्याळजींकडे गेले. अर्ज मागे घेतल्याचं पत्र हवं होतं, ते पत्रकात पहिल्या पानावर घ्यायचं होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि कुंपणाकडे उघडणारी ती खिडकी. टेबलावर उघडी घड्याळं काचेच्या वाट्यांखाली झाकून ठेवलेली. घड्याळजी एक मनगटी घड्याळ गालफडाला टेकवून डोळे मिटून बसले होते. डोळ्याला लावायचं भिंग भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेलं होतं आणि त्यावर धूळ होती.

"आता शांत आहे ना?" मी विचारलं.

"शांत आहे. उपकार झाले. कुठे सही करू?"

मी कागद पुढे केला. त्यांनी बोटानं कागदाची कड चाचपली आणि सही केली ती नेमकी छापलेल्या ओळींवर, तिरकी. मी पत्र घडी करत होते तेव्हा म्हणाले, "एक विचारू? त्या बाई आजारी आहेत का?"

"कोणत्या बाई?"

"नाव नाही माहीत मला. मी तिथल्या कोणालाच कधी पाहिलेलं नाही. सहाच्या खेळात असतात. जोडीला एक गृहस्थ सारखे बोलत असतात."

"त्यांचं काय?"

"तुमच्या खेळात चेंडू जमिनीवर वाजतो, मग बॅटवर वाजतो. बाकी लोकांचं या दोन टोकांमधलं अंतर दर वेळी वेगळं. एकदा घाई, एकदा उशीर. तेच मला असह्य व्हायचं. या बाईंचं तसं नाही. जमीन, बॅट. जमीन, बॅट. बरोबर मोजून. मी वैतागून खिडकी लावायला उठायचो आणि त्यांची पाळी आली की थांबायचो. चांगलं लावलेलं घड्याळ ऐकायला बरं वाटतं, त्यातलाच प्रकार." त्यांनी हातातलं घड्याळ खाली ठेवलं. "मऊ चेंडू आल्यापासून जमिनीचा आवाज येतच नाही. बॅटचा येतो, बारीक. आणि त्यांची बॅट आता कुठेही वाजते. बहुतेक वेळा वाजतच नाही. बाकीच्यांना काही फरक पडला नाही, यांनाच का पडला, याचा मी विचार करत होतो."

"का पडला?"

"त्या कानानं खेळत होत्या, बाई. दिसत नसणार त्यांना." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "मला लवकर कळलं, कारण मीही दोन वर्षं कानानंच काम करतोय. ठोका मोजायचं यंत्र आहे माझ्याकडे, पण त्यावरचा आकडा वाचायला डोळे लागतात. हे कोणाला सांगू नका. गिऱ्हाइकं पळतील."

"ती माझी आत्या आहे," मी म्हटलं, आणि पत्र तिथेच टेबलावर विसरून बाहेर पडले.

रस्ताभर मला एकेक आठवत गेलं. ते आखूड, डावीकडे, सोड, माझा. ती नुसती बडबड नव्हती, डॉक्टर तिला चेंडू कुठे आहे ते सांगत होते. आणि त्यांच्यासमोर पाटी कोणी लावली, तर मी. चेंडू मुका कोणी केला, तर मी. एकाच सभेत मी माझ्या आत्याचे डोळेही काढून घेतले आणि कानही, वर टाळ्या घेतल्या. दुकानात मी दिवसाला डोळ्यांच्या थेंबांच्या वीसेक बाटल्या देते, आणि माझ्या समोर बसून कपाबाहेर चहा ओतणाऱ्या बाईला मी कपावरून बोलत होते.

तरीही माझा विश्वास बसेना. की बसू द्यायचा नव्हता, कोण जाणे. घरी गेले, टेबलावरचा एक कागद उचलला आणि तिच्या हातात दिला.

"बातमी लिहून झाली. वाचून बघ."

ती खिडकीपाशी गेली. कागद लांब धरला, मान जराशी वळवली, आणि ओळीओळीनं वाचल्यासारखी नजर खाली नेली. अगदी सवडीनं. मग म्हणाली, "चांगलं लिहिलंयस. फक्त 'सन्मानपूर्वक' काढून टाक. मी आजारी असल्यासारखं वाटतं."

"कागद कोरा आहे, आत्या."

कागदावरून तिनं एकदा हात फिरवला.

"दोन्ही बाजूंनी?" तिनं विचारलं.

मी खुर्चीत बसले. "कधीपासून?"

"झाली दोन वर्षं. कडेचं दिसतं, मधलं जातं. तुझ्याकडे बघितलं की तू नाहीशी होतेस. तुझ्या शेजारी बघितलं की येतेस."

"आणि मी औषधाच्या दुकानात बसते."

"याला औषध नाही. मी विचारून आले."

"डॉक्टरांना माहीत होतं? दातवाल्यांना?"

"त्यांना सांगावंच लागलं. तेच तर बघायचे माझ्या वतीनं. मला पट्टे दिसतात, माणसं दिसतात हलताना, चेंडू दिसत नाही. पण वाजला की कळायचं कुठे पडला. काही अडत नव्हतं, बाई, खरंच अडत नव्हतं."

"मग मला का नाही सांगितलंस? मी तो चेंडू आणला त्या दिवशीच सांगायचं."

"त्याच दिवशी कसं सांगणार होते?" आत्या म्हणाली. "बारा वर्षं तू त्या लोकांची धुणी धुतेस. कोणी तुला कधी बरं म्हटलं नाही. त्या दिवशी तू दारातूनच बोलत आलीस. शाळेतून बक्षीस घेऊन यायचीस ना, त्या आवाजात. म्हटलं, राहू दे. माझा खेळ काय, आज ना उद्या जायचाच."

मी तिला मूर्ख म्हटलं. आणखीही बरंच काही म्हटलं आणि मग रडले. तिनं मला थांबवलं नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, "तिन्हीसांजा झाल्या असतील. दिवा लाव. मला नको, तुला लागेल."

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन घड्याळजींकडे गेले. मी बोलायच्या आतच त्या दोघांचं बोलणं सुरू झालं आणि मला कोणी विचारेना. तुमची खिडकी कुठल्या बाजूला, तुम्हाला टप्पा किती लांबून कळतो, घड्याळ गालाला का लावता, कानाला का नाही. हाडातून जास्त चांगलं ऐकू येतं म्हणे. शेवटी घड्याळजी म्हणाले, "सहा ते सात मी ठोक्याचं काम करणार नाही. पट्टे बदलणं, काचा बसवणं, अशी कामं त्या तासात करेन. तेवढा एक तास वाजवा. बाकी वेळ मात्र मऊ." त्यांनी तसं लिहून दिलं, म्हणजे त्यांनी सांगितलं, मी लिहिलं आणि सही कुठे करायची तिथे त्यांचं बोट नेऊन ठेवलं.

उरली आमची समिती. शनिवारी सभा झाली. मी कडक चेंडू परत आणायचा आणि पाटी काढायची, असं म्हटलं. अध्यक्षांनी विचारलं, "पण मग ही सुधारणा कशी म्हणायची? आपण मागे जातोय." मी म्हटलं की नळ मागे न्यायचाही ठराव मी आणणार आहे, आणि खुंट्यांचाही, आणि आता कोणी मधे बोललं तर सचिवपद याच टेबलावर ठेवून मी घरी जाईन, मग फोनवाल्यांची भांडणं तुम्ही सोडवा. ही धमकी उपयोगी पडते हे बारा वर्षांत माझ्या लक्षात यायला हवं होतं. तरी कोणीतरी अडखळत म्हणालंच की कारण काय ते तरी कळू द्या.

तेव्हा आत्या उठली. मी तिला नको म्हणून खुणावलं, पण तिला ती खूण दिसणार नव्हती.

"कारण मी सांगते," ती म्हणाली. "मला समोरचं दिसत नाही. अध्यक्ष, आत्ता मला तुमचे दोन्ही कान दिसताहेत, तोंड दिसत नाही. त्यामुळे या वर्षीच्या सभा बऱ्याच सुसह्य झाल्यात. वाजणारा चेंडू असेल तर मी खेळू शकते, डॉक्टर बोलत असतील तर चांगली खेळू शकते. ज्यांना माझ्यासमोर खेळायची भीती वाटते त्यांनी खेळू नये. आणि डोळ्यांचे डॉक्टर ज्या दिवशी पुरे म्हणतील, त्या दिवशी तुमच्या बाकावर मी आपल्या पायांनी जाऊन बसेन. तोवर बाकावर दुसरं कोणीतरी बसवा."

दातांच्या डॉक्टरांनी उठून पाटी काढून आणली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. माझ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं, आणि ते मला फार लागलं, कारण ते बरोबर होतं.

रविवारी सहाला बाक तिथे होता, नावासकट, कारण सुताराला तो आधीच सांगून झाला होता. अध्यक्षांनी फीत आणली होती, ती त्यांच्या खिशात राहिली. बाकावर एका टोकाला मी बसले आणि दुसऱ्या टोकाला घड्याळजी. आपला तास आहे म्हणून ते दुकान मिटून आले होते. त्यांच्या खिडकीपासून तो बाक वीस पावलांवर असेल, पण या बाजूला ते आयुष्यात पहिल्यांदा आले होते.

खेळ सुरू झाला. डॉक्टर महिन्याभराचं साचलेलं बोलत होते. टोक, टोक. मला नेहमीसारखा गोंगाट ऐकू येत होता. घड्याळजींनी डोळे मिटले होते आणि एक बोट गुडघ्यावर ठेवलं होतं. बोट हलत नव्हतं. मग एकदम हललं. दोनदा, एकापाठोपाठ एक.

"या त्या," ते म्हणाले.

मी डोळे मिटले. पहिल्यांदा सगळं सारखंच वाटलं. पन्नास वर्षं मी तिच्या कोर्टाच्या काठावर बसत आले, लहानपणी दप्तर घेऊन, मग पुस्तक घेऊन, आता हिशेबाची वही घेऊन, आणि मला तिचा फटका ओळखता येत नव्हता. मग आला. जमीन, बॅट. कोणाची घाई नाही, कोणाची वाट बघणं नाही. पुन्हा आला, आणि या वेळी घड्याळजींच्या बोटाच्या आधी मला कळला. मला रडू आलं, आणि आल्याचा रागही आला. मी डोळे मिटूनच बसून राहिले, कितीतरी वेळ.

सामना हरली ती. बॅट काखेत मारून, हातानं बाकाची पाठ चाचपत आली आणि म्हणाली, "सरक." मी सरकले. ती बाकाच्या अगदी कडेवर टेकली, पाठ न लावता, पाच मिनिटांसाठी बसतात तशी.

"तू डोळे मिटून बसली होतीस," ती म्हणाली.

मी चमकले. "तुला दिसलं?"

"दिसतंय कुठलं. आमचा एक पॉइंट ढळढळीत खाल्ला त्यांनी आणि तू भांडायला उठली नाहीस." तिनं घाम पुसला. "अकरा-आठ नाही, अकरा-नऊ झालं ते. जा, सांग त्यांना."

मी गेले.